सभासद आला, खातं आलंच नाही: जँगोमध्ये सोबतचं रेकॉर्ड आपोआप तयार करायची नीट पद्धत

महिन्याची एक तारीख, सकाळचे साडेनऊ. अंधेरीला लोकलमधून कसाबसा बाहेर पडतोय, तोच गोरेगावच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा फोन. "अहो, बी विंगला एकालाही मेंटेनन्सचं बिल आलेलं नाही. ए आणि सीला आलं. बी विंगवाले खूश आहेत, पण खजिनदार मला खातोय."

त्यांचं सॉफ्टवेअर जँगोमध्ये (पायथनमधली वेबसाइट बांधायची चौकट) लिहिलेलं. लॉग उघडला. 'रिलेटेडऑब्जेक्टडझनॉटएक्झिस्ट' (जोडलेलं रेकॉर्ड सापडत नाही) हा एरर २८ वेळा. बी विंगचे २८ सभासद टेबलात होते, खातं मात्र एकाचंही नव्हतं. बिलाच्या लूपने त्यांची नावं लॉगमध्ये टाकून पुढची वाट धरली होती. ए आणि सी विंगची माणसं अ‍ॅडमिनच्या स्क्रीनवरून एकेक करून भरली होती, तेव्हा सिग्नल (रेकॉर्ड सेव्ह झालं की जँगो आपोआप देतं ती हाक) वाजला आणि खाती तयार झाली. बी विंग मी आदल्या संध्याकाळी एक्सेलमधून एका दमात आत ढकलली. तेव्हा सिग्नल वाजलाच नाही.

कोड चुकीचा नव्हता, कुठल्याही ट्युटोरियलमध्ये असतो तसाच होता. गडबड अशी की बहुतेक जण सिग्नलपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. खरं तर सिग्नल यादीत बराच खाली यायला हवा.

खालच्या पायऱ्यांमध्ये हेच उदाहरण धरलंय. 'सभासद' हे मुख्य मॉडेल, म्हणजे कोडमधलं टेबलाचं रूप. त्याच्यासोबत एक 'खातं' हवंच, आणि खात्यात आरंभीच्या शिलकीची एक नोंद. तुमच्याकडे यूजर आणि प्रोफाइल असेल किंवा ऑर्डर आणि पावती असेल, क्रम तोच राहतो.

१. कोडच्या आधी: रेकॉर्ड कुठकुठून येतं ते लिहून काढा

सोसायटीच्या दप्तरात हे कसं चालतं ते आठवा. नवा सभासद आला की 'आय' नमुन्याच्या नोंदवहीत त्याचं पान उघडतं, आणि खतावणीत त्याच्या नावाचं खातं. दोन्ही कामं एकाच टेबलावर, बहुधा एकाच माणसाच्या हातून होतात, म्हणून चुकत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये मात्र त्या टेबलाकडे यायला सात-आठ दरवाजे असतात. माझ्या यादीत हे निघाले:

- वेबसाइटवरचा नोंदणीचा फॉर्म
- अ‍ॅडमिनची स्क्रीन
- मोबाइल अ‍ॅपची एपीआय
- एक्सेल इम्पोर्ट
- 'लोडडेटा'ने चढवलेली फिक्स्चर फाइल (तयार डेटाची फाइल)
- मायग्रेशन (टेबलांची रचना किंवा डेटा बदलणारी स्क्रिप्ट)
- रात्री अकराला कोणीतरी शेलमध्ये (पायथनच्या कमांड विंडोत) टाइप केलेली एक ओळ
- थेट डेटाबेसमध्ये मारलेली एसक्यूएल

शेवटचे दोन "आमच्याकडे कोणी करत नाही" म्हणून खोडू नका. करतात.

मग चार प्रश्नांची उत्तरं लिहा. सोबतचं रेकॉर्ड एकच असणार की अनेक? ते असलंच पाहिजे, की नसलं तरी चालेल? मुख्य रेकॉर्ड उडालं तर त्याचं काय? आणि त्यात खरोखर स्वतंत्र माहिती आहे का?

या शेवटच्या प्रश्नावर निम्मी कामं संपतात. प्रोफाइल टेबलात फक्त 'भाषा' आणि 'एसएमएस हवा का' एवढे दोनच रकाने असतील, आणि मॉडेल तुमचंच असेल, तर ते मुख्य टेबलातच ठेवा. वेगळं टेबल नाही, आपोआप तयार करायची भानगड नाही. रेकॉर्ड नसलं तरी चालणार असेल, तर ते पहिल्यांदा लागेल तेव्हा 'गेट_ऑर_क्रिएट'ने (असेल तर घे, नसेल तर तयार कर) तयार होऊ द्या. सेटिंग्जसाठी हे उत्तम. खतावणीसाठी नाही, कारण खातं उघडल्याची तारीख आणि आरंभीची शिल्लक हिशेबात धरली जाते.

तपासा: दरवाज्यांची यादी कागदावर आहे का? सातव्या पायरीपर्यंत ती लागणार आहे.

२. बंधन डेटाबेसमध्ये घाला

'एका सभासदाला एकच खातं' हा नियम पायथनच्या 'इफ'मध्ये ठेवू नका. सर्व्हरवर एकाच वेळी चार वर्कर (त्याच कोडच्या चालू प्रती) चालतात. फॉर्मवर कोणी घाईत दोनदा क्लिक केलं की दोन वर्कर एकाच क्षणी विचारतात, "खातं आहे का?" दोघांनाही "नाही" असं उत्तर मिळतं आणि दोघेही खातं उघडतात.

खातं एकच असेल तर 'वनटूवनफील्ड' वापरा, त्यात युनिक बंधन आपसूक येतं. वर्षागणिक एक असेल, म्हणजे एप्रिल ते मार्चच्या आर्थिक वर्षाचं एक खातं, तर 'फॉरेनकी' (दुसऱ्या टेबलातल्या रेकॉर्डकडे बोट दाखवणारा रकाना) ठेवा आणि सभासद व वर्ष या जोडीवर 'युनिककन्स्ट्रेंट' लावा.

'ऑन_डिलीट' (मुख्य रेकॉर्ड उडालं तर सोबतच्याचं काय) जँगो २.० पासून सक्तीचं आहे, म्हणून लोक ट्युटोरियलमधून 'कॅस्केड' (तेही उडव) उचलतात आणि विसरून जातात. प्रोफाइलसाठी ते ठीक. पण सभासदाचं रेकॉर्ड चुकून उडालं आणि त्याच्याबरोबर चार वर्षांचं खातं गेलं, तर ऑडिटरसमोर तुम्ही बसणार आहात का? हिशेबाच्या टेबलांना 'प्रोटेक्ट' (मुख्य रेकॉर्ड उडवूच देऊ नको) लावा.

इशारा: टेबलात आधीच दुबार खाती असतील तर बंधनाचं मायग्रेशन चालणारच नाही. आधी सभासदावर गट करून एकाहून जास्त खाती कोणाची आहेत ते काढा, ती हाताने निस्तरा, मगच मायग्रेशन.

३. तयार करायचं काम एका फंक्शनमध्ये

सर्व्हिसेस नावाची फाइल करा आणि तिच्यात 'सभासद_नोंदवा' अशा अर्थाचं एक फंक्शन लिहा. फॉर्म, एपीआय, अ‍ॅडमिन, सगळे त्यालाच हाक मारतील. अ‍ॅडमिनमध्ये त्यासाठी 'सेव्ह_मॉडेल' ओव्हरराइड करायचं. फंक्शनच्या आतला क्रम असा (ट्रान्झॅक्शन म्हणजे आतलं सगळं एकत्र पक्कं, नाहीतर सगळंच मागे):

१. 'ट्रान्झॅक्शन.अ‍ॅटॉमिक' उघडा.
२. सभासद सेव्ह करा.
३. त्याचं खातं 'गेट_ऑर_क्रिएट'ने घ्या.
४. खातं आत्ताच तयार झालं असेल, तरच आरंभीच्या शिलकीची नोंद टाका.
५. अ‍ॅटॉमिकच्या बाहेर या.

दोन आणि तीन यांची अदलाबदल करून पाहिलीत तर जँगो 'व्हॅल्यूएरर' देतं, कारण सेव्ह न झालेल्या सभासदाला प्रायमरी की (रेकॉर्डचा ओळख क्रमांक) नसते आणि खात्याने बोट कोणाचं धरायचं हे डेटाबेसला कळत नाही. हा एरर चांगला, लगेच दिसतो. खरा त्रास अ‍ॅटॉमिक विसरल्यावर होतो. जँगो मुळात प्रत्येक क्वेरी लगेच कमिट, म्हणजे पक्की, करतं. सभासद सेव्ह झाला, खात्याच्या ओळीवर कोड कोसळला, तर सभासद तसाच बिनखात्याचा राहतो. त्याचा फोन पुढच्या एक तारखेला येतो.

आता 'गेट_ऑर_क्रिएट'कडे नीट पाहू, कारण सर्वांत जास्त चुका इथे होतात.

समजा कोणी कोडमध्ये सभासद आणि मासिक दर ३२०० असे दोन्ही शोधाच्या अटीत दिले. पहिल्यांदा खातं सापडत नाही, तयार होतं, सगळं छान. सहा महिन्यांनी सर्वसाधारण सभेत दर ३५०० होतो. आता तीच ओळ 'हा सभासद आणि दर ३५००' असं खातं शोधते. ते नाही, कारण खात्यात ३२०० आहे. मग ती नवं खातं उघडायला जाते. बंधन असेल तर 'इंटिग्रिटीएरर', नसेल तर एका माणसाची दोन खाती आणि दोन बिलं. अटीत फक्त ओळख पटवणारे रकाने द्या. म्हणजे इथे फक्त सभासद. दर, तारीख, शिल्लक हे सगळं 'डिफॉल्ट्स'मध्ये. डिफॉल्ट्स नव्याने तयार करतानाच वापरले जातात, शोधताना नाही.

दुसरी गोष्ट. हे फंक्शन दोन वस्तू परत देतं: रेकॉर्ड, आणि ते आत्ता तयार झालं की आधीचंच आहे हे सांगणारा हो-नाही. एकाच नावात दोन्ही पकडलंत तर पुढच्या ओळीवर "टपलला हे अ‍ॅट्रिब्यूट नाही" अशी ओरड होते. आणि तो हो-नाही टाकून देऊ नका. चौथ्या टप्प्यातली आरंभीची शिल्लक त्याच्यावरच टेकलेली आहे. तो न पाहता नोंद टाकलीत तर फंक्शन दुसऱ्यांदा चाललं की शिल्लक दुप्पट होते.

इशारा: अ‍ॅटॉमिकच्या आत 'इंटिग्रिटीएरर' पकडून पुढे चालू नका. पोस्टग्रेसमध्ये एक क्वेरी फसली की ते अख्खं ट्रान्झॅक्शन बाद होतं आणि पुढची प्रत्येक क्वेरी नाकारली जाते. पकडायचाच असेल तर तेवढ्या ओळीभोवती आतलं अ‍ॅटॉमिक घाला, म्हणजे सेव्हपॉइंटपर्यंतच मागे जाता येतं. 'गेट_ऑर_क्रिएट' स्वतः असंच करतं.

जाता जाता: खाते क्रमांक म्हणून ऑटोनंबर आयडी छापू नका. ट्रान्झॅक्शन मागे फिरलं तरी पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल वापरलेला आकडा परत घेत नाहीत. क्रमांकात भोकं पडतात, आणि "४१ नंबरचं खातं कुठे गेलं?" हे खजिनदाराला पटवून सांगता येत नाही.

४. एसएमएस, ईमेल, बॅकग्राउंड टास्क: कमिटनंतरच

स्वागताचा एसएमएस अ‍ॅटॉमिकच्या आतून पाठवलात आणि पुढच्या ओळीवर सगळं मागे फिरलं, तर सभासद नाही, खातं नाही, पण माणसाच्या फोनवर "आपले खाते उघडले आहे". ही कामं 'ऑन_कमिट'मध्ये द्या.

सेलेरी (बॅकग्राउंडची कामं रांगेतून करणारं पॅकेज) वापरणाऱ्यांना हा दोष वेगळ्या रूपात दिसतो. टास्क रांगेत पडतो, रिकामा वर्कर तो लगेच उचलतो, डेटाबेसमध्ये सभासद शोधतो, आणि तुमचं ट्रान्झॅक्शन अजून कमिट झालेलं नसतं. "असा सभासद नाही." तुमच्या लॅपटॉपवर हे घडत नाही, सर्व्हरवर कधीमधी घडतं. लोक मग टास्कमध्ये पाच सेकंदांचा 'स्लीप' टाकतात. टाकू नका. टास्क 'ऑन_कमिट'मधून रांगेत सोडा, आणि सोडताना अख्खा ऑब्जेक्ट न देता फक्त आयडी द्या.

५. सिग्नल लागलाच तर

जिथे मुख्य मॉडेल तुमच्या हातात नाही तिथे सिग्नल योग्य. उदाहरणार्थ, यूजर मॉडेल जँगोचं आणि तो तयार करणारं पॅकेज तिसऱ्याचंच. स्वतःच्याच मॉडेलवर स्वतःच सिग्नल लावणं म्हणजे शेजारच्या खोलीतल्या माणसाला पोस्टाने पत्र पाठवणं. जँगोचं अधिकृत डॉक्युमेंटेशनही सांगतं की शक्य तिथे थेट फंक्शनला हाक मारा.

लावायचाच तर असा:

१. रिसीव्हर (सिग्नल वाजला की चालणारं फंक्शन) वेगळ्या सिग्नल्स फाइलमध्ये लिहा आणि ती फाइल 'अ‍ॅपकॉन्फिग'च्या 'रेडी'मध्ये इम्पोर्ट करा. हे राहिलं तर एरर येत नाही, फक्त काहीच घडत नाही. "सिग्नल चालत नाही" म्हणणाऱ्याला मी सगळ्यात आधी हेच विचारतो.
२. 'सेंडर' नेमका द्या. तो न देता रिसीव्हर लावला तर प्रत्येक मॉडेलच्या प्रत्येक सेव्हवर तो चालेल.
३. 'डिस्पॅच_यूआयडी' द्या, म्हणजे फाइल दोन वाटांनी इम्पोर्ट झाली तरी रिसीव्हर दोनदा नोंदला जाणार नाही.
४. आत पहिली ओळ: 'रॉ' खरं असेल तर परत फिरा. 'लोडडेटा' चालू असताना ते खरं असतं. फाइलमध्ये खातीही असतील आणि तुम्हीही खाती उघडाल, तर टक्कर होईल.
५. दुसरी ओळ: 'क्रिएटेड' खोटं असेल तर परत फिरा.
६. तिसरी ओळ: वरच्या फंक्शनमधला खातं उघडणारा भाग वेगळा काढलेला असेल, त्याला हाक मारा. रिसीव्हरमध्ये याहून जास्त काही नको.

सिग्नल बॅकग्राउंडमध्ये चालतो असा एक गैरसमज आहे. तो तिथल्या तिथे, त्याच रिक्वेस्टमध्ये चालतो. रिसीव्हर कोसळला तर तो एरर थेट सेव्ह करणाऱ्याच्या अंगावर येतो. आणि बाहेर अ‍ॅटॉमिक नसेल, तर तोवर मुख्य रेकॉर्ड कमिट झालेलं असतं. अ‍ॅडमिनची फॉर्मची स्क्रीन स्वतःच ट्रान्झॅक्शनमध्ये चालते, म्हणून तिथे तपासलं तर सगळं सुरक्षित वाटतं. एपीआयमधून तसं नसतं.

नेहमीच्या तीन चुका:

*दुसरा रिसीव्हर.* बऱ्याच ट्युटोरियलमध्ये दोन रिसीव्हर असतात: एक प्रोफाइल तयार करणारा, दुसरा यूजर सेव्ह झाला की दर वेळी प्रोफाइलही सेव्ह करणारा. दुसरा काढून टाका. लॉगिन झालं की जँगो 'लास्ट_लॉगिन' बदलून यूजर सेव्ह करतं. त्यावर हा रिसीव्हर उठतो आणि प्रोफाइल मागतो. सिग्नल लावण्याच्या आधीपासूनच्या यूजरकडे ती नसते, आणि पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनवर एरर येतो. पहिला बळी बहुधा सुपरयूजर, म्हणजे तुम्हीच.

*रिसीव्हरमध्ये पुन्हा सेव्ह.* पोस्ट_सेव्हमध्ये (सेव्ह झाल्यावर वाजणाऱ्या सिग्नलमध्ये) त्याच ऑब्जेक्टला सेव्ह केलंत की सिग्नल पुन्हा वाजतो, पुन्हा सेव्ह, पुन्हा सिग्नल. पायथन साधारण १००० खोलीला हात टेकतं आणि 'रिकर्शनएरर' देतं. रकाना बदलायचाच असेल तर क्वेरीसेटच्या 'अपडेट'ने बदला, त्याने सिग्नल वाजत नाही.

*मेनी-टू-मेनी रिकामं दिसणं.* अ‍ॅडमिनमध्ये सभासदाला दोन पार्किंग जागा जोडल्या, पण पोस्ट_सेव्हमध्ये मोजल्या तर शून्य. अ‍ॅडमिन आधी मुख्य रेकॉर्ड सेव्ह करतं, जोडलेल्या गोष्टी नंतर. पार्किंगच्या संख्येवर आकारणी बसवायची असेल तर अ‍ॅडमिनमध्ये 'सेव्ह_रिलेटेड'नंतर बसवा, किंवा 'एमटूएम_चेंज्ड' हा वेगळा सिग्नल वापरा.

६. एक्सेल इम्पोर्ट

'बल्क_क्रिएट' (अनेक रेकॉर्ड एका दमात आत ढकलणारं फंक्शन) मॉडेलच्या 'सेव्ह'ला हात लावत नाही आणि प्री_सेव्ह, पोस्ट_सेव्ह यातलं काहीच वाजवत नाही. घाऊक 'अपडेट'ही तसंच. बी विंग इथेच बुडाली. हे जँगोपुरतं नाही: रेल्समध्ये 'इन्सर्ट_ऑल' कॉलबॅक टाळतं, लारावेलमध्ये थेट 'इन्सर्ट' केलं की मॉडेलचे इव्हेंट उठत नाहीत.

शे-दोनशे रो असतील तर लूपमध्ये तिसऱ्या पायरीचंच फंक्शन चालवा. काही सेकंद जास्त जातील, जाऊ द्या. हजारांत गेलं की मग:

१. एका अ‍ॅटॉमिकमध्ये सभासद 'बल्क_क्रिएट' करा, 'बॅच_साइज' देऊन.
२. सभासद डेटाबेसमधून पुन्हा वाचा, विंग आणि फ्लॅट क्रमांकावरून.
३. त्यांच्यावरून खाती बांधून तीही 'बल्क_क्रिएट' करा, मग आरंभीच्या नोंदी.
४. बाहेर पडण्याआधी दोन्हीकडची संख्या मोजा. जुळत नसेल तर एक्सेप्शन फेका, सगळं मागे फिरू द्या.

दुसरा टप्पा पोस्टग्रेसवर अनावश्यक वाटेल, कारण तिथे प्रायमरी की लगेच मिळते. मायएसक्यूएलवर मिळत नाही, आणि 'इग्नोर_कॉन्फ्लिक्ट्स' लावलंत तर पोस्टग्रेसवरही नाही. मी सरसकट पुन्हा वाचतो.

तपासा: तीच एक्सेल फाइल दुसऱ्यांदा चढवा. खात्यांची संख्या वाढायला नको, आणि एकाही खात्याची शिल्लक बदलायला नको.

७. आधीच बिनखात्याचे राहिलेले

क्रम महत्त्वाचा. आधी नवा कोड सर्व्हरवर चढवा, मगच जुनी भरपाई. उलटं केलंत तर भरपाई संपल्यापासून नवा कोड चढेपर्यंत आलेले सभासद पुन्हा सुटतात.

भरपाईसाठी डेटा मायग्रेशन, 'रनपायथन'ने. खातं 'इजनल' असलेले सभासद गाळून घ्या आणि त्यांचीच खाती उघडा. मायग्रेशनमध्ये मॉडेल 'गेट_मॉडेल'ने घ्यायचं असतं, आणि ते त्या काळचं मॉडेल असतं: तुमचा बदललेला 'सेव्ह' त्यात नसतो, त्याच्यावर लावलेला सिग्नलही वाजत नाही. म्हणून खातं उघडायच्या ओळी इथे पुन्हा लिहाव्या लागतात. कॉपी-पेस्ट मला आवडत नाही, पण इथे तीच बरोबर. उद्या फंक्शन बदललं तरी हे जुनं मायग्रेशन जसंच्या तसं चाललं पाहिजे. टेबल बदलणारं आणि डेटा भरणारं मायग्रेशन वेगळं ठेवा, आणि उलटं फिरवायला 'नूप' (काहीच न करणारं फंक्शन) द्यायला विसरू नका.

आता पहिल्या पायरीचा कागद काढा. प्रत्येक दरवाज्यासमोर लिहा: फंक्शन, सिग्नल, की घाऊक वाट. शेल आणि थेट एसक्यूएलसमोर काहीच लिहिता येणार नाही. त्यांच्यासाठी आठवी पायरी.

८. टेस्ट आणि रोजची मोजणी

चार टेस्ट पुरतात. सभासद तयार केला की एक खातं. फंक्शन दोनदा चालवलं तरी एकच खातं. खातं उघडताना मुद्दाम एक्सेप्शन फेकलं तर सभासदही राहिलेला नाही. इम्पोर्टनंतर दोन्ही संख्या सारख्या. तिसरी टेस्ट लोक लिहीत नाहीत, आणि नेमकी तीच अ‍ॅटॉमिक विसरल्याचं सांगते.

इशारा: साध्या 'टेस्टकेस'मध्ये 'ऑन_कमिट'ची कामं चालत नाहीत, कारण प्रत्येक टेस्ट ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये चालते ते शेवटी मागेच फिरतं. एसएमएस गेला का हे तपासायला 'कॅप्चरऑनकमिटकॉलबॅक्स' वापरा आणि त्याला 'एक्झिक्यूट' खरं द्या. जँगो ३.२ पासून ते आहे.

आणि एक मॅनेजमेंट कमांड: बिनखात्याचे सभासद मोजा, शून्याहून जास्त असतील तर विंग आणि फ्लॅटसह नावं मेल करा. आपोआप दुरुस्त करायला लावू नका, आरंभीची शिल्लक किती धरायची हे कमांडला माहीत नसतं. माझी कमांड रोज रात्री दोनला चालते, आणि महिनाअखेरीला बिलं काढायच्या आधी आणखी एकदा. गेल्या महिन्यात तिने एक नाव पकडलं, सी विंग, ७०३. शेलमधून भरलेलं होतं. भरणारा मीच.